पॅनलमागचा हात

भिंतीत बसवायची, आग अडवणारी हलकी पॅनलं त्या कारखान्यात फेसाच्या काँक्रीटची ओतत. तिथं एक रीत होती. ज्यानं पॅनल ओतलं, त्यानंच भट्टीच्या दिवशी त्याच्या पाठीला तळहात लावून उभं राहायचं. पुढून जाळ, मागून हात. तापमापक होते, पण गिऱ्हाईक हाताकडेच बघायचं.

मिस्त्री जन्मभर साध्या काँक्रीटवर राबलेला. उतारवयात इथं लागला आणि फेस कालवायला नव्यानं शिकला. सिमेंटच्या राबडीत फेस शेवटी घालायचा, तोही जपून. घाई केली की बुडबुडे फुटतात, पॅनल जड होतं आणि आच आरपार जाते. दंड भरून आले तरी तो हळूच ढवळायचा. कामात खोट नव्हती.

तरी मालक म्हणाला, "मिस्त्री, तुमचा मेहुणा चपळ आहे. मला दोघं परवडत नाहीत. एकेक पॅनल ओता. भट्टी ठरवेल कोण राहणार ते."

मेहुण्याला तिथं चिकटवला होता मिस्त्रीनंच.

भट्टीच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रीनं आपल्या वाळलेल्या पॅनलवर पाइप धरला. ओलं लवकर तापत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. पण पोटात मुरलेल्या पाण्याची जाळात वाफ होते, आणि कोंडलेली वाफ पॅनल फोडते. हे मेहुण्याला ठाऊक होतं. मिस्त्री आजारी असताना मेहुण्याचं एक ओलं पॅनल असंच फुटलं होतं. आत्ता तो नळापाशी उभा होता.

"दाजी, पाणी पाजताय?"

"तुझं काय जातंय?"

"माझं काय जाणार! पाजा की, पोटभर पाजा." आणि त्यानं नळ आणखी सोडला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा हात बरा टिकला. मग मिस्त्री उभा राहिला. पॅनल गारच. तो हसला. "बर्फ आहे, बर्फ! जा, सांग तुझ्या ताईला."

धाडकन आवाज झाला. पॅनल मधोमध फुटलं. वाफ आणि जाळ एकदमच बाहेर आले.

जखम भरली. तळहातावर जाड, मेलेलं कातडं आलं. घरी बायकोच्या हातून तापलेली पळी त्यावर टेकली, तर तीच किंचाळली. त्याला पत्ताच नाही.

तो काम मागायला गेला. मालकानं तळहात उलटसुलट पाहिला आणि जळती सिगारेट त्यावर टेकवली. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"उद्यापासून या," मालक म्हणाला.

आता मेहुणा ओततो. सगळं घाईचं काम. बुडबुडे फुटतात, पॅनलं जड होतात. भट्टीच्या दिवशी मात्र ओतणारा म्हणून मागं मिस्त्री हात लावून उभा राहतो.

"तापलं नाही?" गिऱ्हाईक विचारतं.

"छे! गार आहे."

गिऱ्हाईक खूश होऊन मान हलवतं. मेहुणा त्याच्या कानाशी येतो.

"दाजी, हात काढा आता. वास यायला लागला."