सद्वर्तन वर्षातली थापड

"असं नाही, दादा. लागलं पाहिजे."

मोठ्या मॅडम माइकपाशी उभ्या होत्या. आवाज मऊ. ओठावर हसू. ज्याले त्या दादा म्हणत होत्या तो माहा बाबा, शाळेचा शिपाई. आणि लागायले पाहिजे होतं ते मले.

सोमवारचा परिपाठ. राष्ट्रगीत झालं होतं. आपण सारे बांधव आहोत असं साऱ्या शाळेनं हात पुढं करून म्हणून झालं होतं. मग मले समोर बोलावलं. मग बाबाले.

बाबानं पहिली थापड हळू मारली. गालाले नुसता हात लावल्यासारखी. पोरं फिसफिस हसली. म्हणून मॅडम तसं बोलल्या.

बाबानं माह्याकडं पाह्यलं नाही. माह्या डोक्यावरून सायकल स्टँडकडं पाहत त्यानं दुसरी मारली. ती कानावर बसली. आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि शाळेचा आवाजच बंद झाला. मी गुडघ्यावर पडली. उठली तवा कॉलरवर रक्त होतं.

मॅडम काय बोलल्या ते एकाच कानानं ऐकू आलं. "मुलांनो, चांगलं वर्तन घरातूनच सुरू होतं. एका जबाबदार पालकासाठी टाळ्या."

आणि शाळेनं टाळ्या वाजवल्या.

हे काहून झालं ते सांगते.

अकोल्यातली आमची शाळा नावाजलेली. तिच्या संस्थेवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक. बाबा तिथं मानधनावरचा शिपाई. घंटा तोच वाजवे, पाणी तोच भरे, कोणी ओकलं तर तोच पुसे. बाबाच्या शब्दावर मले तिथं प्रवेश भेटला. माय डाळ मिलमध्ये जाये. संध्याकाळी घरी आली की तिच्या पापण्यांवर तुरीचं पिवळं पीठ बसलेलं असे. आमच्या वस्तीतली सात-आठ पोरं त्या शाळेत होती. आमच्या घरांत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो असते, हे शाळेत कोणाले सांगावं लागत नव्हतं. आडनावावरून कळे.

मी नववीत गेली तवा नव्या मोठ्या मॅडम आल्या. कुठल्यातरी शिबिरातून शिकून आल्या होत्या. शिक्षा बंद, म्हणाल्या. छडी बंद. आता मुलांना चांगल्या वागण्याची गोडी लावायची. हे आपलं सद्वर्तन वर्ष.

खोटं काहून बोलू, मले ते आवडलं होतं. खेळाच्या सरांच्या छडीचे वळ मी पाह्यले होते. वाटलं, बरं झालं.

नीट वागणाऱ्याले पांढरा बिल्ला. बिल्लेवाल्यातून निवडलेले काही जण सद्वर्तन दूत. ते सांगतीन कोण वाईट वागलं. जो वाईट वागला त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, 'मी सुधारणार आहे'. पाटी घालून आठवडाभर हिंडायचं आणि सेवा करायची.

आता वाईट वागणं म्हणजे काय? 'मले' म्हणणं वाईट. 'मला' म्हणायचं. 'काहून' म्हटलं की उद्धट. मधल्या सुटीत आमी पोरीपोरी एकमेकींले जय भीम म्हणो. तेही वाईट. "शाळेत फक्त नमस्ते. इथे सगळे सारखे," मॅडम म्हणाल्या.

सगळे सारखे. पण वकिलाच्या पोरानं खिडकीची काच फोडली तवा त्याले सेवा भेटली कुंड्यांतल्या झाडाले पाणी घालायची. प्राध्यापकाच्या पोरीनं कॉपी केली, तिले वाचनालयात पुस्तकं लावायची. आमच्या पोरायले संडास. दर वेळी संडास. जात कोणं बोललं नाही. तोंडातून एक अक्षर नाही. नुसता ब्रश हातात दिला.

दूतांमधला मोठा दूत ओंकार. दहावीतला. संस्थेवरच्या एका वकिलाचा पोरगा. तोच काच फोडणारा. महिनाभरात त्याले बिल्ला भेटला.

त्या शुक्रवारी मी पोरींच्या संडासाकडं गेली तर आतून रडण्याचा आवाज. आम्रपाली होती. आमच्याच गल्लीतली, सहावीतली, हडकुळी पोर. गळ्यात पाटी, हातात ब्रश, फ्रॉक ओला. ओंकार दारात उभा. पोरींच्या संडासाच्या दारात.

"काय केलं व तू?" मी तिले विचारलं.

"सरांले जय भीम म्हटलं ताई. तोंडातून निघालं."

ओंकार म्हणाला, "हातानं घास. ब्रशने निघत नाही ते."

मी तिच्या हातातला ब्रश घेतला. तिले म्हटलं, जाय वर्गात. ती निघाली तर त्यानं तिच्या पाटीची सुतळी धरून मागं ओढलं. सुतळी तिच्या गळ्यात रुतली. तिचा आवाज बंद झाला. डोळे मोठे झाले.

"सोड तिले," मी म्हटलं.

त्यानं सोडलं. पण मग माही वेणी धरली. डोकं मागं वाकवलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "तुला एवढं काय लागलं गं? तुझा बाप रोज तेच करतो ना? तुमचं कामच आहे ते."

ब्रश माह्या हातात होता. लाकडी दांड्याचा. मी पाहून नाही मारला. पण मारला. त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दात हालला, पांढऱ्या शर्टावर बिल्ल्यापर्यंत रक्त आलं. तो ओरडत पळाला. आम्रपाली भिंतीले चिकटून उभी होती. मले वाटलं ती रडंल. ती रडली नाही.

पोरीच्या गळ्यावरचा वळ कोणं पाह्यला नाही. ओंकारचा ओठ साऱ्या शाळेनं पाह्यला.

शनिवारी मॅडमनं बाबाले खोलीत बोलावलं. मी दाराबाहेर उभी होती. त्या म्हणाल्या, "दादा, कायद्याने शिक्षकाला हात उचलता येत नाही. मी तर आयुष्यात कुठल्या मुलावर हात उचललेला नाही. पण पालक उचलू शकतो. ओंकारचे वडील पोलिसात जायचं म्हणतायत. मी थांबवलंय त्यांना. आता तुम्ही ठरवा. मुलगी शाळेत राहायची की नाही. तुम्ही राहायचे की नाही."

बाबा म्हणाला, "हाव जी."

तेवढंच.

तो सोमवार सांगितलाच. थापड मारून बाबा सरळ घंटेकडं गेला आणि पहिल्या तासाची घंटा वाजवली. मी वर्गात बसली. बेंचवर रक्ताचा थेंब पडला तर बाईंनी फडकं दिलं. पुसून घे म्हणाल्या.

संध्याकाळी माय मिलमधून आली. माही कॉलर पाह्यली. विचारलं. मी सांगतलं. बाबा उंबऱ्यावर पाठ करून बसला होता. पापण्यांवरचं पीठही न पुसता मायनं मले सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बॅटरीनं कानात पाह्यलं आणि पडदा फाटला म्हणाला.

परत आलो तर बाबा घरात होता. आमी दारात असतानाच त्यानं उजवा हात पाट्यावर ठेवला आणि डाव्या हातानं वरवंटा उचलून त्यावर हाणला. एकदा. परत एकदा. हाडाचा आवाज मले चांगल्या कानानं ऐकू आला. तिसऱ्या वेळी मायनं वरवंटा धरला.

वाटलं ती त्याले पोटाशी धरंल. तिनं वरवंटा कोपऱ्यात फेकला आणि म्हणाली, "हात तोडून काय होते? तुहा हात तर भाड्याचा होता. जिनं सांगतलं तिचा हात शाबूत हाय ना?"

बाबा लहान पोरासारखा रडला. मायच्या डोळ्यात टिपूस नाही. त्याच्या बोटांले फडकं बांधता बांधता ती माह्याकडं वळली. "आन तू. तू काहून रडते? तुनं चोरी केली का?"

मी रडणं थांबवलं. त्या वेळी मले एक गोष्ट सरळ दिसली. इतके दिवस मले वाटे की आमी वाईट वागतो म्हणून पाटी गळ्यात येते. नीट वागलो, गोड बोललो, मला-तुला म्हटलं, की बिल्ला भेटंल. भेटणार नव्हता. आमी मान खाली घालून राहणं, यालेच तिथं सद्वर्तन म्हणत होते. मान वर झाली की गैरवर्तन.

दुसरा सोमवार आला. बाबाच्या हाताले प्लास्टर. मॅडमनं मले परत समोर बोलावलं. गळ्यात पाटी घातली. कागद दिला. "ओंकारची माफी माग. मोठ्यानं वाच. म्हणजे विषय संपला."

ओंकार पुढच्या रांगेत. ओठावर टाके. त्याचा बाप खुर्चीवर बसलेला, पायावर पाय.

मी कागद वाचला नाही. खाली टाकला.

"उचल," मॅडम म्हणाल्या.

"नाही उचलत."

मॅडम हसल्या. मान वळवून म्हणाल्या, "दादा, या इकडे."

बाबा आला. प्लास्टरचा हात छातीशी धरून. मॅडमनं त्या हाताकडं पाह्यलं आणि म्हणाल्या, "डावा आहे ना?"

बाबानं त्या दिवशी माह्याकडं पाह्यलं. सरळ डोळ्यात.

"नाही मारत, मॅडम."

"काय म्हणालात?"

"माही पोरगी हाय. नाही मारत."

तवा मॅडमचं हसू गेलं. त्यांनी माह्या गळ्यातली पाटी धरली आणि खसकन ओढली. सुतळी मानेत घुसली, कातडं सोललं. आयुष्यात कोणावर हात न उचललेल्या बाईचा हात होता तो. मी तिचं मनगट धरलं. जोरात. बांगडी फुटली.

मग खेळाच्या सरांची छडी आली. शाळेत बंद झालेली छडी. पाठीवर, दंडावर, परत पाठीवर. बाबा मधे पडला. छडी प्लास्टरवर बसली आणि तो खाली बसला. त्याले पडलेलं पाहून माह्या डोक्यात जाळ झाला. पुढची छडी मी हवेतच धरली. तळहात फाटला. पण सोडली नाही. पिळली, ओढली, हिसकली. सर मागं सरकले. खरं सांगू, मले मारायचं होतं. त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. मी छडी गुडघ्यावर घेतली आणि मोडली.

माइक पडला होता. उचलला. बोलली ते असं:

"संडास धुवायले आमीच काहून? झाडाले पाणी घालायले तुमीच काहून? सांगा कोणी. हायेत का कोणी सांगणारे?"

कोणीतरी वायर उपटली. कोणं सांगतलं नाही. एवढे मास्तर, एवढे बिल्ले, वकील.

सेवा अर्धी राह्यली म्हणून आम्रपालीची पाटी आणखी आठवडाभर वाढवली होती. सहावीच्या रांगेत तिनं ती गळ्यातून काढली. खाली टाकून त्यावर उभी राह्यली. बाकी पोरायनं नाही काढली. आमच्या वस्तीतल्याही नाही. भ्यायले होते. त्यायचा राग नाही मले.

आमी फाटकातून निघालो ते मिलमध्ये. मायले घेतलं आणि तसेच ठाण्यात. माह्या हातातून रक्त गळून राह्यलं होतं, बाबाचं प्लास्टर तडकलेलं.

ठाणेदारानं सारं ऐकलं. मग खुर्ची मागं रेलून म्हणाला, "मॅडमवर केस करता? बरं. कानाचा पडदा कोणाच्या हातानं फाटला?"

माही नजर बाबाच्या प्लास्टरवर गेली.

"बापाच्या ना? मग पह्यला आरोपी तोच. आधी बाप आत जाईल. मॅडमनं तर तेव्हा बोट नाही लावलं तुले. विचार कर पोरी."

तेवढ्यात ओंकारचा बाप तिथं पोचला. माह्या बाजूले बसला. फार गोड बोलला. तक्रार नको. बाबाची नोकरी राहील. दाखल्यावर वर्तणूक चांगली असंच लिहून देऊ. "मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे," तो बाबाले म्हणाला.

मी बाबाकडं पाह्यलं. मले वाटलं, आता तो हाव जी म्हणंल. म्हणाला असता तरी मी त्याले काय बोलली असती?

बाबा उभा राह्यला. ठाणेदाराले म्हणाला, "लिवा साहेब. मारलं मीच. माहं नाव एक नंबरले लिवा. पण कोणाच्या हुकमानं मारलं, ते दोन नंबरले लिवा. नाही तर मी इथून उठत नाही."

माय त्याच्या बाजूले उभी राह्यली. तक्रार लिवली जाईपर्यंत ती बसली नाही.

बाबाची नोकरी त्याच दिवशी गेली. शाळेनं माह्या दाखल्यावर वर्तणूक असमाधानकारक असं लिवलं. त्या अक्षरांपायी दोन शाळांनी मले दारातून परत धाडलं. तिसरीनं घेतलं.

आता आमी अमरावतीत राहतो. मी कायदा शिकून राहिली आहे. हंगामात बाबा शेंदूरजनाघाटले जाते, संत्र्याच्या पेट्या ठोकते. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, म्हणून खिळा धरते त्या हातानं आणि हातोडी मारते डाव्यानं. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. मोठ्या मॅडम दुसऱ्या गावी गेल्या. तिथं त्या शाळाशाळांतून मुलांच्या चांगल्या वर्तनावर भाषणं देतात, असं ऐकलं.

केस अकोल्याच्या कोर्टात चालू आहे. तारखा पडतात. आमी जातो. बाबा आरोपीच्या बाकावर बसते, मॅडमच्याच बाकावर, दुसऱ्या टोकाले. समझोत्याचे निरोप अजून येतात. मागच्या तारखेले त्यायचा वकील म्हणाला, बापाले तुरुंगात धाडशील का?

मी म्हटलं, त्याले विचारा.

बाबा म्हणाला, "धाडू द्या."

पुढच्या तारखेले माही साक्ष आहे. मी पिंजऱ्यात उभी राहीन. विचारतीन, कोणी मारलं? मी बापाकडं बोट करीन. यानं. मग तेच बोट मॅडमकडं फिरवीन आणि ती खाली पाहीपर्यंत खाली घेणार नाही.