मधल्या दाराच्या दोन केबिनी

प्रवास कंपनीच्या कचेरीत तिला सगळे नकाशेकाकू म्हणत. बावीस वर्षं जहाजावरच्या सहलींचं बुकिंग करून ती स्वतः एकदाही जहाजावर चढली नव्हती. पण कुठल्या जहाजात जिना कुठे, कुठल्या केबिनीत भटारखान्याची खडखड ऐकू येते, हे आपल्याला कप्तानापेक्षा जास्त ठाऊक आहे, असं ती बिनदिक्कत सांगे. प्रत्येक जहाजाचा कागदी नकाशा तिच्या खणात असे, आणि दोन केबिनींच्या मधे दार असेल तिथे लाल पेन्सिलीची रेघ. तरुण सहकारी हसायचे. हसोत बापडे.

एके दिवशी शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर सहलीचं बुकिंग करायला आला. तो, बायको, दोन मुली आणि वडील, अशी पाच माणसं. वडिलांनी उभा जन्म बाजारात लिलाव पुकारले होते. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक मान वळवायचं. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच.

"अण्णा हट्टाला पेटलेत," ड्रायव्हर म्हणाला. "लिहून देतात, स्वतंत्र खोली असेल तरच येईन, तुमच्यात लुडबुड नको. आणि मी त्यांना एकटं कसं ठेवू, काकू? काही झालं तर हाक कशी मारणार?"

"मधलं दार असलेल्या दोन केबिनी घ्या. त्यांची खोली त्यांची, आणि गरज पडली की दार उघडून तुम्ही हजर."

ड्रायव्हरचा चेहरा खुलला. आता काकूने नकाशा काढायचा की नाही? पण त्याच आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला होता, आणि आपणही काही कमी नाही हे तिला दाखवायचं होतं. पडद्यावर २१४ आणि २१६ नंबरच्या केबिनी चिकटून दिसल्या. तिने ऐटीत बटण दाबलं.

दोन दिवसांनी तिने सहज नकाशा उघडला. त्या दोन्हींच्या मधे लाल रेघच नव्हती. नुसती भिंत! दार होतं ते २१६ आणि २१८ च्या मधे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ती स्वतःलाच म्हणाली. म्हातारबाबांना काही झालं असतं तर ते भिंतच बडवत बसले असते.

ड्रायव्हरला फोन करून तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "चूक माझी आहे."

"अण्णांनी कसंबसं 'बघू' लिहून दिलंय हो," तो म्हणाला. " आता दार नाही म्हटलं, तर आम्ही कुणीच जाणार नाही."

२१८ एका निवृत्त नर्सबाईंनी घेतली होती. काकूने भीतभीत त्यांना फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली.

"२१४ ला खिडकी आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. अगदी तशीच."

"मग एवढं पाल्हाळ कशाला लावलंत? द्या बदलून. पेशंटपाशी माणूस हवंच."

दुसऱ्या दिवशी अण्णा मुलाबरोबर जातीने आले. लोकांच्या शब्दावर माल घेणाऱ्यांतले ते नव्हतेच. खुर्चीत ताठ बसून त्यांनी नकाशा ओढून घेतला आणि वहीत लिहिलं, "कडी कुणाच्या बाजूला?"

"दोन्ही बाजूंना. दिवसा तुमची खुशाल लावा, तुमच्या मर्जीशिवाय कुणी फिरकणार नाही. झोपताना मात्र काढून ठेवायची. ही माझी अट."

अण्णांनी डोळे वटारले. ड्रायव्हर घाबरून काकूकडे बघू लागला. ती हटली नाही. बावीस वर्षांत तिने असले बरेच म्हातारे पाहिले होते, आणि त्यातल्या एकालाही खरं तर एकटं राहायचं नव्हतं.

अण्णांनी पुन्हा पेन उचललं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मुलाला दिसू नये म्हणून आडवा हात धरून वही काकूपुढे सरकवली.

"धाकटी नात माझ्याकडे झोपली तर चालेल?"

काकूला अक्षरं धूसर दिसू लागली.

"पलंग दोन आहेत, अण्णा," ती म्हणाली.