काटेसाहेब आणि माझी गिरणी

काटेसाहेबांना ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. जेवण झालं का विचारलं, तरी क्षणभर आठवून ‘झालं’ म्हणायचे. आडनाव वेगळंच होतं; पेटीतल्या काट्यावर नजर लावून बसायचे म्हणून गावाने हे नाव पाडलं. चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकून, त्यांना पेटीच्या तारा जोडून, जमिनीत वीज सोडून, खाली पाणी आहे की कातळ ते काट्यावरून सांगणं हे त्यांचं काम. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी धसईजवळच्या आमच्या गावात ते विहिरीची जागा पाहायला आले. बायका मैलभर लांब नदीवरून हंडे आणायच्या, माझी बायकोही त्यांत.

पहिल्याच दिवशी काटा थरथरू लागला. गावकऱ्यांनी टाळ्या पिटल्या. साहेब मात्र ती थरथर घालवायला तारांना वेणीसारखा पीळ घालू लागले, सांधे घासून लख्ख केले, पेटी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डब्याची तार जमिनीत पुरली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग त्यांनी मान वर करून माझ्या भाताच्या गिरणीकडे पाहिलं.

“तुमच्या इंजिनाची ठिणगी हवेतून माझ्या तारांत शिरते. दोन दिवस गिरणी बंद ठेवा.”

ऐन सुगी, दारात बैलगाड्यांची रांग, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत भात भरडणं. ठिणगी इंजिनात आणि काटा शंभर पावलांवर! मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं. म्हटलं, “काटा तुमचा, गिरणी माझी.”

“मग मी जागा सांगणार नाही,” एवढंच बोलून त्यांनी पेटी आवरली.

पाटील काकुळतीला आले. “सायेब, काटा नाचला तितंच पानी हाय. आमी काय आंधले नाय!”

“तो पाण्याने नाचलेला नाही,” साहेब म्हणाले आणि मुरबाडच्या वाटेला लागले. पाठ वळताच आम्ही काटा नाचला तिथे नारळ फोडला. नारळाचं पाणी सांडलं, तेवढंच. पावसाळा तोंडावर येईपर्यंत खणलं, खाली काळा कातळ.

पुढच्या साली मीच त्यांना चिठ्ठी धाडून बोलावलं आणि इंजिन थांबवलं. काटा जागच्या जागी उभा राहिला. दोन दिवस गावभर खुंट्या ठोकून त्यांनी पाटलांच्या गोठ्यामागची जागा दाखवली. वैशाखात तिथे पाणी लागलं. ते पाहायला साहेब मुद्दाम आले. माझ्या बायकोने पहिला तांब्या त्यांच्या हातात दिला.

निघताना मी त्यांना गाठलं. वर्षभर मनात सलत होतं. विचारलं, “साहेब, गेल्या साली मी गिरणी थांबवली असती, तर?”

नेहमीसारखे ते क्षणभर थांबले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या हो, व्हायचं ते झालं.

“तर या बायका वर्षभर नदीवर गेल्या नसत्या,” ते म्हणाले, मला नमस्कार केला आणि निघून गेले. पुन्हा भेट झाली नाही. मी दिलासा मागत होतो आणि त्या माणसाने खरं तेच सांगितलं. इतका राग मला कुणाचा आला नाही, आणि इतकी माया कुणावर जडली नाही.