भंतेंना बोललेलं बकरं

"आटपाडीकडं एका भंतेंना धनगर लोक नवस बोलतात," असं आमच्या ह्यांच्या पलटणीतल्या दोस्तानं सांगितलं आणि मला राहवेना. बौद्ध भिक्खूला नवस? दोन दिवस सुट्टी टाकली आणि साताऱ्याहून दुचाकी काढली.

वाटेत कराडजवळ आगाशिवची लेणी चढलो. पाणी सोबत न्या आणि ऊन तापायच्या आत उतरा. भिक्खूंच्या खोल्यांतले दगडी ओटे बघून हे म्हणाले, "आमची बराक बरी होती म्हणायची!" मुक्काम विट्याला केला. आटपाडीपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढं गावाकडं वळलं की नुसती खडी.

भंतेंची कुटी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं लिंबाचं झाड. साडेअकराला पोचलो, तर झाडाला हळदकुंकू लावलेलं बकरं बांधलेलं! शेजारी तानूबाई नावाच्या म्हाताऱ्या धनगरीण बसल्या होत्या. नातू तापातून उठला तर भंतेंना बकरं कापीन, असं त्या बोलल्या होत्या. नातू उठला होता.

"पण ह्यांनाच का?" मी विचारलं.

"आवं, दुष्काळात रोज दारात हुबं ऱ्हायचं. कायबी मागायचं न्हाईत. भाकरी न्हाई म्हनलं तरी पोरांची चौकशी करून जायचं. असला मानूस देवाचाच की!"

भंते नागपूरकडचे, सत्तरीचे. त्यांनी हात जोडले. "आजी, माझ्यासाठी मारलेलं मी खात नाही. आमचा नियमच आहे."

तानूबाईंचा चेहरा उतरला. "नवस फिटला न्हाई तर पोरावर यील, बाबा."

आता प्रवचन ऐकावं लागणार, असं मला वाटलं. भंतेंनी आपलं भिक्षापात्र पुढं केलं. "बाराच्या आत जेवतो मी. गाठोड्यात काय आहे?"

भाकरी आणि ठेचा होता. तानूबाईंनी गाठोडं सोडून वाढलं. भंते सावकाश जेवले आणि म्हणाले, "नवस पोचला."

"आन पोराला काय झालं तर?"

"तर माझ्याशी भांडायला या. मी इथंच आहे."

तानूबाई उठल्या. मग दोरी सोडून बकऱ्यासकट घरच्या वाटेला लागल्या.

परत येऊन आठवडा झाला. खरं सांगते, मी भोळ्या लोकांना हसायलाच निघाले होते. आपल्याकडं माणूस संत झाला की फक्त पाया पडायचं, जाब विचारायचा नाही. इथं जाब विचारायची मुभा होती, आणि तेवढ्या भरवशावर ती बाई मनात भीती असतानाच बकरं जिवंत घेऊन गेली. हे बघायला मिळालं म्हणून त्या दोस्ताचे उपकार मानते.

मी देवधर्म फारसा करत नाही. पण हल्ली रोज सकाळी चहा ठेवताना मनात म्हणते, तानूबाईंवर भांडायला जायची वेळ येऊ नये.