खालून वर वाचणारा माणूस

१३ नोव्हेंबर, बुधवार. नळाला पाणी उशिरा आलं. वन्सं दहाला आल्या, चहा घेतला नाही. यांच्या डाव्या डोळ्यात औषधाचे दोन थेंब घातले. बँकेला फोन केला.

तिच्या डायरीत त्या दिवसाची नोंद एवढीच. पण ते पान उघडलं की तिला अजून ती खोली दिसते. खिडकीजवळचं टेबल आणि त्यावर वाकलेलं नवऱ्याचं टक्कल. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रूफं तपासली. छापखाना बंद पडला, सवय राहिली. कुठलाही कागद हाती आला की शेवटच्या ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक ओळ वर सरकायचं. "वरून वाचलं की माणूस मजकुराच्या नादी लागतो," म्हणायचे. लग्नाआधी तिने धाडलेली पत्रंही त्यांनी अशीच वाचली होती, हे मात्र त्यांनी फार उशिरा कबूल केलं.

वन्सं म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पार्लर चालवायच्या. खुर्च्या, आरसे सगळं क्रेडिट कार्डावर घेतलं आणि दोन लाखांची बाकी व्याजाने फुगत चालली. तेवढ्यात दुसऱ्या बँकेने नवं कार्ड दिलं. जुनी बाकी आमच्याकडे आणा, वर्षभर व्याज नाही. साठ दिवसांत आणलीत तर शुल्कही माफ. नाहीतर तीन टक्के, म्हणजे सहा हजार. पार्लरचं महिन्याचं भाडं नेमकं तेवढंच, आणि मालकाने दोनदा बजावलं होतं, आणखी एक भाडं चुकलं तर जागा खाली करा.

"घाई कसली?" वन्सं म्हणाल्या. "कार्ड अठ्ठावीस सप्टेंबरला हातात पडलं. अजून चौदा दिवस आहेत. वीस तारखेला जुन्या कार्डाचं बिल आलं की सगळी बाकी एकदम हलवते."

नव्या बँकेच्या अटींच्या पत्रावर सरकणारी दादांची पट्टी खालून तिसऱ्या ओळीवर थांबली.

"मंजूर कधी झालं?"

"अरे दादा, सांगितलं ना, हातात पडलं ते..."

"हातात पडलेलं नाही विचारत. साठ दिवस मंजुरीपासून मोजायचे. आणि तेवढ्यात पैसे तिकडे जमा व्हायला हवेत, नुसता अर्ज करून भागत नाही."

वन्संनी पर्स टेबलावर पालथी केली. मंजुरीचं पत्र निघालं. मागच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या वेळा लिहिलेल्या. पुढे तारीख होती सतरा सप्टेंबर. तिने बोटांवर मोजलं. आज सत्तावन्नावा दिवस. शनिवारी साठ भरणार, आणि पैसे पोचायला दोन दिवस लागणार.

वन्संनी पत्र टेबलावर टाकलं. "गेले सहा हजार!"

"गेले कुठे? आत्ता कुठे पावणेअकरा वाजलेत. वहिनीला फोन दे. तिला बोलताना कुणी मधेच तोडू शकत नाही. मी तीस वर्षं प्रयत्न करतोय."

"मॅडम, तीन टक्के शुल्क लागेल," बँकेचा माणूस म्हणाला.

"तुमच्याच पत्रातली ओळ वाचून दाखवू का?" तिने सावकाश, स्वल्पविरामांसकट वाचून दाखवली. पलीकडून "थांबा हं." मग पाच मिनिटं नुसतं संगीत. शेवटी तो म्हणाला, शुल्क लागणार नाही, पण रक्कम आजच कळवा. वन्संनी लगेच कळवली.

जिवात जीव आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, आता नव्या कार्डावर एक ड्रायर घेऊ?"

"घे की. नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज आहे. खालून पाचवी ओळ."

"तुझ्याबरोबर सिनेमाला जायची सोय नाही बाबा! शेवट आधीच सांगून टाकशील."

शुक्रवारी दुपारी वन्संचा फोन आला. "वहिनी, पैसे जमा झाले! शुल्क शून्य. भाडंही देऊन आले."

"त्या शून्यावर तळटीपेची बारीक चांदणी आहे का, विचार तिला," टेबलापासून आवाज आला.

"नाही म्हणतायत."

तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला आणि अंमळ पडतो म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने डायरीत एवढंच लिहिलं: सिलिंडर बदलला. आधीचा एकेचाळीस दिवस चालला.