शंभर अंड्यांचा नवस

अकरा. अम्फॉनने पुन्हा एकदा मोजलं. अकराच.

डोकी मोजायची ही सवय तिला तेवीस वर्षांत इतकी जडली होती की घरी ताटं घेतानाही ती नकळत मोजायची. एक, दोन. ती आणि तिचा मुलगा तुन. काल संध्याकाळी तुन सुफानबुरीला काकांकडे गेला आणि जेवताना मोजणी एकावरच संपली. भात तिने तसाच झाकून ठेवला. सकाळी तो झाकलेला भात बघितला आणि डोळ्यांना काजळ लावायचं राहूनच गेलं.

"निघू या का?" सामरंगने आरशात बघत विचारलं. तो व्हॅनचा ड्रायव्हर. साठी उलटलेला, तोंडात सदा लवंग, आरशाला ताज्या फुलांची माळ.

"निघा, दादा."

बँकॉकहून दिवसभराच्या सहली करणाऱ्या एका छोट्या कंपनीत अम्फॉन गाईड होती. सोमवारी अयुथ्या, मंगळवारी तरंगता बाजार, गुरुवारी चाछंगसाव. त्याच पडक्या भिंती, तेच ऊन, तेच प्रश्न. शौचालय कुठे आहे हा प्रश्न तिला सोळा भाषांतून समजायचा. पन्नाशी ओलांडल्यापासून संध्याकाळी पाय सुजायचे, पण माइक हातात आला की आवाज आपोआप गोड व्हायचा. तो आवाज जणू तिचा नव्हताच, व्हॅनबरोबर मिळाला होता.

आज गुरुवार होता आणि आजच सुफानबुरीच्या तालुका कचेरीत तुन चिठ्ठी काढणार होता.

एप्रिल उजाडला की एकवीस वर्षांच्या पोरांना फौजेसाठी बोलावणं येतं, तेही वडिलांच्या गावी, मग वडील हयात असोत की नसोत. तुनचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. पेटीत हात घालायचा. काळी चिठ्ठी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत. तिथे आया येतात, मांडवाच्या कडेला उभ्या राहतात आणि लाल चिठ्ठी निघाली की काही जणी तिथेच कोसळतात. तुनने स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तू येऊ नकोस. तू चिठ्ठी निघायच्या आधीच पडशील आणि मी तुला सांभाळू की चिठ्ठी काढू?"

ऑफिसने सुट्टी दिली असती. तिने मागितली नाही. घरी बसून घड्याळाकडे बघण्यापेक्षा अकरा अनोळखी डोकी मोजणं बरं.

लहानपणी तुनला दमा होता. रात्र रात्र ती त्याला उशीला टेकवून बसवायची. डॉक्टर म्हणाले होते, खाऊ घाला, पोहायला पाठवा. तिने रोज दोन अंडी, माशाचं तेल, असं सगळं केलं. दमा गेला. मार्चमध्ये फौजेच्या डॉक्टरने त्याची छाती मोजली आणि कागदावर पहिला वर्ग, म्हणजे फौजेला लायक, असं लिहून टाकलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्या अंड्यांचा पश्चात्ताप झाला.

पण तिचं खरं दुखणं दुसरंच होतं आणि ते फक्त सामरंगला ठाऊक होतं.

चाछंगसावच्या देवळातल्या सोथॉनबाबांच्या बुद्धमूर्तीपुढे प्रवाशांना नवस कसा बोलतात ते दाखवायचं, हा तिच्या कामाचाच भाग. गुडघे टेकायचे, उदबत्त्या कपाळाशी धरायच्या, ओठ हलवायचे. पुरा झाला तर शंभर उकडलेली अंडी वाहायची. तेवीस वर्षं तिने नुसते ओठ हलवले होते. मनात बहुतेक वेळा जेवणाच्या हॉटेलला फोन करायचा राहिला, एवढंच असायचं. पण फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, आदल्या रात्री झोप नसताना, ओठांतून खरंच शब्द बाहेर पडले. "बाबा, माझ्या पोराच्या हातात लाल चिठ्ठी येऊ देऊ नका. शंभर अंडी वाहीन."

परत येताना तिने ते सहज सामरंगला सांगितलं आणि त्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली.

"अगं अम्फॉन, डोकं फिरलंय का तुझं? सोथॉनबाबांना? हेच मागितलंस?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट! सोथॉनबाबांकडे लॉटरी मागा, मूल मागा, परीक्षेचं यश मागा. फौजेतून सुटका तेवढी मागायची नाही. ते बाबांना खपत नाही. मागणाऱ्याच्या हातात हटकून लाल चिठ्ठी ठेवतात, असं लोक सांगतात. ती स्वतः प्रवाशांना हे हसत हसत सांगायची. तेवीस वर्षं इतरांना सांगितलेली चूक तिने स्वतःच्या पोरावर करून ठेवली होती.

त्यानंतर दोन महिने ती धड झोपली नव्हती.

देवळाच्या आवारात नऊ वाजताच फरशी तापली होती. नवस फेडणाऱ्या कुणीतरी नाचणाऱ्या बायकांना पैसे दिले होते. त्या मुकुट घालून, घामाने थबथबलेल्या, अगदी हळू हळू हात वळवत होत्या. अम्फॉनने प्रवाशांना वीस मिनिटं दिली आणि ती अंडी विकणाऱ्या मावशीकडे गेली. मावशी पाटीमागे बसून पंख्याने स्वतःला नव्हे, अंड्यांना वारा घालत होती.

"मावशी, एक विचारू? बोललेला नवस मागे घेता येतो का?"

"हे काय दुकान आहे का, आवडलं नाही म्हणून परत करायला?"

"चुकून बोलला गेला तर?"

"कुणाकडून?"

"ओळखीची आहे एक बाई."

मावशीने तिच्या काजळ न लावलेल्या डोळ्यांकडे, गळ्यातल्या गाईडच्या पट्ट्याकडे बघितलं. "त्या ओळखीच्या बाईला सांग, फुलं वाहून माफी मागायची. म्हणायचं, डोकं ठिकाणावर नव्हतं. बाबा जुने आहेत, त्यांनी यापेक्षा येडी माणसं पाहिलीत. अंडी देऊ?"

"आत्ता नको."

अम्फॉनने फुलं घेतली. गर्दीतून वाट काढत मूर्तीपुढे गुडघे टेकले. "बाबा, त्या दिवशी माझं डोकं—" एवढ्यात खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. पोर्तुगालहून आलेली म्हातारी, ग्रासाबाई. हातात काठी, डोक्यावर भलीमोठी टोपी.

"मुली, माफ कर हं, शौचालय कुठे आहे?"

व्हॅनबरोबर मिळालेला तो गोड आवाज आपोआप आला. "या, मी दाखवते." ग्रासाबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीने जायला सहा मिनिटं, यायला सात. वीस मिनिटं संपली. माफी अर्धीच राहिली.

गुलाबी गणपतीपाशी पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. नदीकाठी आडवा पहुडलेला, इमारतीएवढा, गुलाबी. त्याच्या भोवती उंदीर, वारावारांच्या रंगांचे. आपण ज्या वारी जन्मलो त्या वाराच्या रंगाच्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि त्याचा दुसरा कान हाताने गच्च झाकायचा, नाहीतर इच्छा पलीकडून बाहेर पडते. अम्फॉनने हे माइकवर सांगितलं. प्रवासी खूश होऊन आपापला वार मोबाइलवर शोधायला लागले.

तुनचा जन्म बुधवारचा. बुधवारचा उंदीर हिरवा. तिने फोन बघितला. काहीच नाही. ती स्वतःच रांगेत उभी राहिली, प्रवाशांच्या मागे, पट्टा काढून खिशात घालून. गणपती सोथॉनबाबांना चार शब्द सांगेल का, एवढाच तिचा हिशेब. दोघांचं एकाच गावात ठाण आहे, ओळख असेलच.

पायरी चढून तिने हिरव्या उंदराचा दुसरा कान झाकला. तो इतका तापला होता की हात भाजला. तोंड कानाशी नेलं आणि काही सुचेना. दोन महिने जे घोकलं होतं ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. मागचा माणूस खाकरला. "दमले रे बाबा," एवढंच ती म्हणाली आणि खाली उतरली.

व्हॅनपाशी मोजलं तर दहा. ग्रासाबाई नव्हत्या. त्या उंदराशी बोलून सावकाश येताना दिसल्या तेवढ्यात फोन वाजला.

"आई, जेवलीस का?"

"चिठ्ठीचं बोल."

"जेवलीस का ते सांग आधी."

"तुन!"

"चिठ्ठी काढलीच नाही मी."

"म्हणजे? बोलावलं नाही अजून?"

"चिठ्ठ्यांच्या आधी विचारतात ना, आपणहून कोण येतंय म्हणून. मी हात वर केला."

अम्फॉनने व्हॅनच्या दाराला हात टेकला. पत्रा पोळला, तरी तिने हात काढला नाही.

"बारावी झालेल्याने आपणहून नाव दिलं तर एकच वर्ष असतं, आई. लाल निघाली असती तर दोन."

"आणि काळी निघाली असती तर?"

पलीकडे मांडवातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी भोंग्यावर नावं पुकारत होतं.

"दीडशे पोरं आणि नव्वद लाल चिठ्ठ्या. तूच सांग." मग तो जरा हळू बोलला. "मला त्या पेटीत हात घालवेना. आणि तू फेब्रुवारीपासून रात्री उठून माझा श्वास ऐकत बसतेस. मला कळत नाही असं वाटतं का तुला? आता एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मोजता येतं."

"तुझी छाती..."

"डॉक्टर म्हणाले बैलासारखी आहे. तूच केलीस."

तिला ओरडायचं होतं. विचारल्याशिवाय केलंस, कोणी सांगितलं, असं बरंच काही. पण ग्रासाबाई काठी टेकत पायरीशी येऊन उभ्या होत्या आणि त्यांना हात द्यायला हवा होता. "मी खाल्लंय," ती खोटं बोलली. "तूही खा." आणि फोन ठेवला.

"काय मागितलंत?" चढवताना तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

"गुडघा," ग्रासाबाई म्हणाल्या. "मुलांसाठी मागायचं सोडलंय मी. त्यांच्या मनात असतं तेच ती करतात."

अम्फॉन पुढच्या सीटवर बसली. सामरंगने गाडी चालू केली नाही. "लाल?"

"काढलीच नाही. आपणहून नाव दिलं. एक वर्ष."

सामरंगने लवंग या गालातून त्या गालात नेली.

"म्हणजे लाल चिठ्ठी त्याच्या हातात आली नाही."

"नाही."

"तू काय मागितलं होतंस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसतेय की रडतेय, ते मागच्या अकरा जणांना कळलं नसतं. तिलाही नीट कळत नव्हतं.

"म्हाताऱ्या बाबाने मला फसवलं, दादा."

"हळू बोल. अजून आपण चाछंगसावच्या हद्दीत आहोत." त्याने चावी फिरवली. "शंभर अंडी झाली तुझ्यावर. चुकवू नकोस. पोरगा वर्षभर फौजेत असणार आहे."

दुपारी जुन्या बाजारात प्रवाशांनी खाल्लं, टोप्या घेतल्या, फोटो काढले. अम्फॉन एका बाकावर पाय वर घेऊन बसली. घरातल्या पातेल्यात एका वेळी सोळा अंडी मावतात. सहा खेपा आणि वर चार. घरात एकच गॅस. तिने तुनला पुन्हा फोन लावला.

"हजर कधी व्हायचंय?"

"एक मेला. चिडली आहेस?"

"चिडले आहे. पण त्याला ताकद लागते, ती संध्याकाळी बघू. पुढच्या गुरुवारी मोकळा राहा. व्हॅनमध्ये माझ्याबरोबर यायचंय."

"मी? प्रवासी म्हणून?"

"हमाल म्हणून. शंभर अंडी उचलायची आहेत."

"कसली अंडी?"

"ये तर. देवापुढे तुलाच गुडघे टेकून सांगायचंय, तुझी आई कशी आहे ते."

तो हसला. लहानपणी दम लागायच्या आधी हसायचा तसा, लांब. ती सवयीने ऐकत राहिली, शेवटी शिट्टी वाजते का म्हणून. वाजली नाही.

परतीच्या वाटेवर, बँकॉकच्या वेशीवरच्या बांग-नापाशी रस्ता तुंबला. मागे सगळे पेंगले होते. आणखी सव्वा तास व्हॅन अशीच रखडत जाणार, हे अम्फॉनला दिसत होतं. ती मोजायला मान वळवणार होती, पण मान वळलीच नाही. खिडकीच्या काचेला डोकं टेकलं आणि तिथेच राहिलं.

सामरंगने आरशात बघितलं. मग त्यानेच मोजलं. अकरा, आणि ही एक.