शेपटीवरच्या खुणा

थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमधून विमलताई मोहिते सव्वीस वर्षं एकाच कामावर जात होत्या. औषधशास्त्राच्या एका कॉलेजात प्राणीघर होतं. तिथल्या पांढऱ्या उंदरांचं खाणंपिणं, त्यांना औषध पाजणं, त्यांच्या चाचण्या घेणं, सगळं त्यांच्याकडे. मोहित्यांचे पूर्वज घोड्यावरून तलवार घेऊन दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले, आणि आमची वहिनी उंदरांच्या शेपट्या धरते, अशी दीर थट्टा करायचे. विमलताई हसून सोडून द्यायच्या. कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

हर्षिता पीएचडीसाठी इंदूरहून आली. दर्पण कॉलनीत खोली घेऊन राहायची आणि पहिल्याच आठवड्यात विमलताईंना मावशी म्हणायला लागली. एका मुळीच्या अर्काने स्मरणशक्ती वाढते का, हे तिला पाहायचं होतं. गोल टाकीत दुधाळ पाणी, पाण्याखाली न दिसणारा एक चौथरा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो, आणि लक्षात राहिलं तर रोज थोडा लवकर सापडतो. छताला कॅमेरा, उंदीर कुठून कसा गेला त्याची रेघ कम्प्युटरवर आपोआप उमटते. पण हा उंदीर कोणत्या नंबरचा, ते मात्र माणसाने सांगायचं. म्हणून शेपटीवर मार्करने खुणा केलेल्या. चार दिवसांत त्या पुसट होत आणि पुन्हा काढाव्या लागत.

चाचण्यांच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, औषध पाजून झाल्यावर, विमलताई खुणा काढायला बसल्या. हर्षिता शेजारी बसून आईने पाहिलेल्या एका मुलाची नक्कल करत होती. दोघी पोट धरून हसत होत्या. त्या हसण्यात दोन पिंजऱ्यांची अदलाबदल झाली: अर्क मिळणाऱ्या चार उंदरांच्या खुणा न मिळणाऱ्या चारांच्या शेपट्यांवर गेल्या, आणि त्यांच्या यांच्यावर.

ते कुणालाच कळलं नाही. महिन्याभराने आलेख तयार झाले. अर्क दिलेले उंदीर चांगलेच पुढे दिसत होते. हर्षिताने विमलताईंना खुर्चीत बसवून एकेक रेघ दाखवली.

विमलताईंचं लक्ष अकरा नंबरवर अडलं. तो उंदीर सोडल्या सोडल्या भिंतीला धरून डावीकडे एक अख्खी फेरी मारायचा. त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यात ती फेरी अकराच्या नावावर होती. सोमवारपासून ती पंधराच्या नावावर.

त्या उठल्या. घरी गेल्या, पोळ्या केल्या. यजमानांनी, दौलतसिंहांनी, दोनदा विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" दुसऱ्या दिवशी लवकर येऊन त्यांनी आठही उंदरांच्या रेघा ताडून पाहिल्या आणि थेट विभागप्रमुख मुकुंदरावांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, माझ्या हातून चूक झालीय."

मुकुंदरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुरुस्त करा," ते म्हणाले. "कारणासकट."

सोमवारच्या बत्तीस चाचण्या खऱ्या उंदरांच्या नावावर करता आल्या, कारण त्या दिवशीचं औषध खुणांच्या आधी दिलेलं होतं. मंगळवारपासून शुक्रवारी चाचण्या संपेपर्यंत मात्र औषधही चुकीच्या तोंडात गेलं होतं. त्या एकशे अठ्ठावीस चाचण्या बाद. प्रत्येकीला सॉफ्टवेअर कारण विचारी. विमलताई टाइप करत राहिल्या: 'खुणा चुकल्या. वि. मोहिते.' हर्षिता मागे उभी होती. शेवटी आलेख पुन्हा काढला, तेव्हा दोन्ही गटांत काही फरकच उरला नव्हता.

चाचण्या पुन्हा घेता येईनात. त्या आठ उंदरांना टाकी पाठ झाली होती. पाहिलेलं त्यांना विसरायला कोण लावणार? नवीन उंदरांची परवानगी यायला सहा महिने, आणि हर्षिताची मुदत मार्चमध्ये संपत होती. आठही उंदीर नियमाप्रमाणे मारावे लागले. मेंदू तपासायलाही त्यांचा उपयोग उरला नव्हता. विमलताईंनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकेकाला ओंजळीत धरून बसल्या, अंग गार होईपर्यंत.

मार्चमध्ये हर्षिता कपाटाची किल्ली द्यायला आली. इंदूरला एका कोचिंगमध्ये शिकवायचं ठरलं होतं.

"रागावलीस माझ्यावर?" विमलताईंनी विचारलं.

"नाही. गलती किसी से भी होती है." ती किल्लीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पर मावशी, दो महीने बाद भी तो बता सकती थीं. माझं सबमिट झाल्यावर."

खरंच, तसं करता आलं असतं. ते विमलताईंच्या मनातही आलं नव्हतं, आणि आता ते मनातून जाणार नव्हतं. त्या तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाल्या, तोवर हर्षिता वळली होती.

पुढच्या महिन्यात त्यांनी मुकुंदरावांकडे अर्ज दिला: प्राणीघरातून काढून स्टोअरला टाका. गुडघे दुखत असतील, असं सगळ्यांना वाटलं. तिथे काचेची भांडी मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. नोकरीची दोन वर्षं उरली होती.

"अचानक बदली का मागितलीस?" दौलतसिंहांनी विचारलं.

"तिथे उंदरांचा वास येत नाही," विमलताई म्हणाल्या, आणि भाजी चिरायला बसल्या.